बर्फाच्या उतारावरचं गोल्फचं मैदान

आमच्या घराच्या पत्र्यावर उन्हाळाभर गोल्फचे चेंडू पडायचे. आधी लांबून काठीचा ‘टक्’ असा आवाज यायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग पत्र्यावर ‘ठण्ण’ होऊन चेंडू घरंगळत मागच्या अंगणात यायचा. अंगणात आईने लावलेली कोथिंबीर असायची, तिच्यात तो जाऊन बसायचा. आई खिडकीचा पडदा जरासा सरकवून बघायची. चेंडूचा मालक कुंपणाशी येऊन टोपी काढून उभा राहिला, की ती मला म्हणायची, “विजू, जा, देऊन ये. आणि काही विचारलं तर तूच सांग.” मी चेंडू द्यायचे, तो साहेब हसून काहीतरी म्हणायचा, आणि मी आत येईपर्यंत पडदा पुन्हा नीट झालेला असायचा.

आज लंडनजवळच्या पिनरमधल्या घरात खिडकीशी बसून हे लिहिताना बाहेर नुसत्या गाड्यांचे आवाज आहेत. नातू विचारतो, “आजी, तुझी घर डोंगरावर होती?” मी म्हणते, “तुझं घर, राजा. आणि होतं.” आईसुद्धा मला असंच थांबवून दुरुस्त करायची. मी चार वर्षांची असताना आम्ही नागपूर सोडलं. त्यानंतर माझी मराठी टिकली ती आईच्या स्वयंपाकघरात, कारण पुढे आम्ही ज्या गावात राहिलो तिथे मराठी बोलणारं तेवढं एकच स्वयंपाकघर होतं.

ते गाव स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये होतं. हिवाळ्यात लोक स्कीइंग करायला यायचे. उतारावरून खुर्च्यांची एक लिफ्ट वर जायची, तिच्या खांबांच्या रांगेखालीच आमचं दगडी घर होतं. बाबा त्या लिफ्टचे इंजिनिअर. आधी ते इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहरात एका कारखान्यात होते, पण बंद शेडमध्ये त्यांचा जीव घुसमटायचा. पेपरात ही नोकरी दिसली आणि त्यांनी अर्ज केला. “डोंगरावर काम आहे, मोकळी हवा आहे, घर मिळतंय,” असं त्यांनी आईला सांगितलं. महिन्यातून किती लोक भेटतील, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलंही नाही.

लिफ्ट आणि तिच्या पायथ्याचं हॉटेल अँगस नावाच्या एका उंच, लाजाळू माणसाचं होतं. तरुणपणी तो बोटींच्या इंजिनांच्या कामाने जपानला गेला होता आणि येताना बायको घेऊन आला होता, मिचिको. मी तिला मिचिकोकाकू म्हणायचे. बाकी सगळं गाव तिला मिसेस अँगस म्हणायचं. काकूचं माहेर जपानमधल्या बर्फाच्या मुलखात होतं. तिथे हिवाळ्यात बर्फ इतका पडायचा की माणसं वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पडायची, असं ती हातवारे करून सांगायची. तिच्या गावातल्या स्कीच्या उतारावर बर्फ वितळला की गोल्फ सुरू व्हायचं. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारी तीच लिफ्ट उन्हाळ्यात गोल्फवाल्यांना त्यांच्या पिशव्यांसकट वर न्यायची. वर पोचलं की चारी बाजूंना डोंगर, दरीत भातखाचरं, आणि शहरातून आलेली माणसं गार वाऱ्यात खेळत खेळत खाली यायची. काकू लग्न होऊन इथे आली, तेव्हा हा उतार उन्हाळाभर मेंढ्यांना चरायला दिलेला होता. तिने अँगसला सांगितलं की इथेही तसंच करू. गावातली मंडळी हसली. पण अँगसने ऐकलं. वरच्या टोकाला पहिला टी, म्हणजे चेंडू मारायची पहिली जागा, आणि मग बर्चची झाडं, हेदरची जांभळी झुडपं आणि एक खळाळता ओढा ओलांडत नऊ होल खाली हॉटेलपर्यंत. लिफ्टच्या खांबावर चेंडू आपटला, तर तो पुन्हा मारायचा, असा त्या मैदानाचा खास नियम होता. बाबांना या मैदानामुळेच बारा महिने काम मिळालं.

आणि काय सुंदर होतं ते! जूनमध्येसुद्धा समोरच्या डोंगराच्या खाचांमध्ये बर्फाचे पांढरे तुकडे राहिलेले असायचे आणि खाली गवत इतकं हिरवं, की ढगाची सावली त्यावरून जाताना दिसायची. मी नंतर पुष्कळ जग पाहिलं, पण डोळे मिटले की मला अजून चौथ्या होलचा तो झेंडा दिसतो, आमच्या घराच्या बाजूचा, वाऱ्यात फडफडणारा.

आईला मात्र त्यातलं काही दिसत नव्हतं. लग्नाआधी ती नागपूरला मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. शाळेचं मैदान मोठं, मुली शेकड्यांनी, आणि तिच्या हातात ना भोंगा ना माईक. मामा सांगायचा की नलूताईने ‘सावधान’ म्हटलं की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा थांबायचे. मला हे थापेसारखं वाटायचं, कारण मी पाहिलेली आई अगदी हळू बोलायची. दुकानात ती वस्तूवर बोट ठेवायची. तिला इंग्रजी वाचता यायचं, पण तिथल्या माणसांचं बोलणं कानात शिरायचं नाही, आणि तिने बोललेलं त्यांना कळलं नाही की ती कानापर्यंत लाल व्हायची. मग तिने बाहेर बोलणंच सोडलं. पुढे पुढे घरातही तिचा आवाज बसत गेला. बाबा कामावरून आले की ती पान वाढायची आणि विचारायची, “अहो, कॉव्हेंट्रीचं काही कळलं का?” कॉव्हेंट्रीत चार मराठी घरं होती. तिथे हळदीकुंकू व्हायचं, बायका दुपारच्या एकमेकींकडे जायच्या. परत तिकडे जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मिचिकोकाकू आमच्या घरी पहिल्यांदा आली ती एका चेंडूमुळेच. हॉटेलच्या कोणा पाहुण्याने आमची स्वयंपाकघराची काच फोडली होती. काकू माफी मागायला आली आणि दारात कमरेत वाकली. आईने गडबडून नमस्कार केला. काकू पुन्हा वाकली, मग आई पुन्हा. कोणी आधी थांबायचं हे दोघींना कळेना, शेवटी मलाच हसू फुटलं आणि मग त्या दोघीही हसायला लागल्या. काकूने बरोबर एक बरणी आणली होती, मिठात मुरवलेल्या छोट्या लाल फळांची. आईने एक तोंडात टाकलं, डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, “अगं विजू, हे तर आपल्या मिठातल्या आवळ्याचं सख्खं भावंड आहे!” त्या दिवशी आईने थालीपीठ केलं होतं. ज्वारी मिळायची नाही म्हणून ती ओटच्या पिठात बेसन घालायची, वर अंगणातली कोथिंबीर. काकूने ते लोण्याबरोबर खाल्लं आणि दुसरं मागितलं. त्यानंतर ती आठवड्यातून एकदा तरी यायचीच. आई मराठीत बोलायची, काकू जपानीत, मध्ये मध्ये दोघींचं तोडकं इंग्रजी. मी अभ्यास करत ऐकायचे आणि मला आश्चर्य वाटायचं की दोघींना सगळं कसं कळतं.

वसंत ऋतूत बर्फ लवकर जाईना तेव्हा काकूने एक गंमत केली. हॉटेलच्या शेकोट्यांची काळी राख तिने बादल्यांमध्ये भरली आणि होलभोवतीच्या गवतावरच्या बर्फावर ती पसरायला लागली. तिच्या माहेरी असंच करायचे. काळ्या राखेला ऊन लागतं आणि बर्फ लवकर विरघळतो. आईने खिडकीतून पाहिलं, आणि थोड्या वेळाने आमच्या शेगडीतली राख घेऊन, साडीवर बाबांचा जाड कोट आणि पायांत गमबूट घालून, ती बाहेर गेली. मला तिचं ते जाणं चांगलं आठवतं. कोणी न सांगता घराबाहेर पडायची तिची ती पहिलीच वेळ. दोघी राख फेकत हसत होत्या, आणि परत आल्या तेव्हा दोघींच्या नाकांना काजळी लागलेली होती.

तरीही त्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीचं पक्कं झालं. बाबांच्या जुन्या मित्राने तिकडे नोकरी बघितली होती. सप्टेंबरात निघायचं. आईने खोकी भरायला घेतली. मी रडले, कारण मला शाळा आणि डोंगर सोडायचे नव्हते. बाबा संध्याकाळी कामाशिवायच लिफ्टच्या वरच्या खांबांपर्यंत फेरी मारून यायचे. आई खूश असायला हवी होती. ती खोकी भरत होती आणि मध्येच थांबून बाहेर बघत बसत होती.

मग ती ऑगस्टची दुपार आली. सकाळी लख्ख ऊन होतं. हॉटेलातले पाहुणे खेळत होते. वरच्या खांबाच्या चाकातून कुरकुर ऐकू येते म्हणून बाबांनी लिफ्ट बंद केली आणि ग्रीसचा डबा घेऊन ते चालत वर गेले. जेवायची वेळ झाली, आणि बघता बघता समोरचा डोंगर दिसेनासा झाला. तिकडचं धुकं खाली उतरतं तेव्हा दार लावल्यासारखं उतरतं. आधी डोंगर गेला, मग बर्चची झाडं, मग चौथ्या होलचा झेंडा, आणि शेवटी आमचं कुंपणसुद्धा. खेळणारे एकेक करून, एकमेकांना धरून, खाली आले. बाबा आले नाहीत.

आईने वरणभात झाकून ठेवला. ती दारात गेली, आत आली, पुन्हा दारात गेली. वरच्या बाजूला ओढा एका खोल घळीत पडतो, ती घळ आम्हा दोघींच्याही डोक्यात होती, पण नाव कोणी काढलं नाही. तेवढ्यात मिचिकोकाकू धापा टाकत आली. अँगस आणि हॉटेलातले पुरुष रांग करून वर निघाले होते. धुक्यातून त्यांचे आवाज येत होते, “हॅलोऽऽ! हॅलोऽऽ!” डोंगरावर आपटून प्रत्येक हाक दोनदा-तीनदा परत येत होती. काकू माझा हात धरून उभी होती.

आई कुंपण ओलांडून चौथ्या टीच्या उंचवट्यावर चढली, काकू आणि मी तिच्या मागोमाग. तिने हाक मारली, “अहोऽऽ!” धुक्याच्या दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर आलं, “हॅलोऽऽ!” पण तो अँगसचा आवाज होता. आईने पुन्हा “अहोऽऽ” केलं. पुन्हा दोन बाजूंनी “हॅलोऽऽ” आलं. तिचा ‘अहो’ आणि त्यांचा ‘हॅलो’ त्या पांढऱ्या धुक्यात एकच होऊन जात होते. कोण कोणाला बोलावतंय, काही कळेना.

आई क्षणभर थांबली. मग तिने पाय जुळवले, छाती भरून श्वास घेतला, आणि माझ्या आयुष्यात मी कधी ऐकला नव्हता असा आवाज तिच्यातून निघाला.

“साऽऽवधान!”

अख्खा उतार गप्प झाला. त्या स्कॉटिश माणसांना शब्दाचा अर्थ काय कळणार! पण एकूण एक माणूस जागच्या जागी उभा राहिला. नंतर अँगस म्हणायचा की त्याने तर टाचासुद्धा जुळवल्या होत्या. त्या शांततेत ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि मग आईने, जिने लग्नानंतर उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, जी मलासुद्धा “तुझ्या बाबांना बोलाव” म्हणायची, तिने डोंगराकडे तोंड करून हाक मारली.

“दिवाकऽऽर!”

नाव वर गेलं, आपटलं, परत आलं. आई हात वर करून उभी होती, कोणी बोलू नका म्हणून. मग उजवीकडून, फार वरून, अगदी बारीक आवाज आला.

“नलूऽऽ!”

“दिवाकर, आहात तिथंच बसाऽऽ! हलायचं नाही!”

“पाय मोडलाय बहुतेकऽऽ!”

“मोडू द्याऽऽ! बसून राहा! पाणी कुठल्या हाताला ऐकू येतंय?”

“डाव्याऽऽ! अगदी जवळ आहे!”

आईचा चेहरा मी पाहिला. डाव्या हाताला जवळ पाणी म्हणजे घळीचा काठ. पण आवाजात तिने काही येऊ दिलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “विजू, अँगसना इंग्लिशमध्ये सांग. माझा आवाज जिथून येतो तिथून सरळ वर, मग उजवीकडे. घळ बाबांच्या अगदी जवळ आहे, जपून. मी थांबणार नाही बोलायची.” मी ओरडून सांगितलं, आणि आई बोलत राहिली. काय काय बोलली ती! वरणभात गार झाला म्हणाली. ग्रीस लावायला आजचाच दिवस सापडला का, म्हणाली. नागपूरच्या शेजाऱ्यांच्या गोष्टी काढल्या. बाबा वरून एकेक उत्तर देत होते, आणि त्या दोन आवाजांचा दोर धरून अँगस आणि दोन माणसं त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांना खुर्चीसारखं उचलून आणलं तेव्हा धुकं थोडं विरळ झालं होतं. बाबा म्हणाले, “चारी बाजूंनी ‘हॅलो’ ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी मी त्या दिशेने सरकायचो. नाव ऐकलं तेव्हा कळलं, घर कुठंय.” आईने त्यांच्या कपाळावरचं ओलं गवत काढलं आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, खाली बसून रडली. काकू तिच्या शेजारी बसली, दोघींच्या साड्या-स्कर्टना चिखल लागला तरी उठेनात.

बाबांचा घोटा मोडला होता. प्लास्टर घालून ते घरी आले तेव्हा सगळं गाव येऊन भेटून गेलं. कोणी केक आणला, कोणी मासे, आम्ही ते खात नाही हे कळल्यावर कोणी अंडी. आणि सगळे बाबांच्या आधी आईशी बोलले. पोस्टमास्तरांनी तर तिला तो शब्द पुन्हा म्हणून दाखवायला लावला. ती लाजली, पण म्हणाली. थोड्या दिवसांनी कॉव्हेंट्रीच्या मित्राचा हॉटेलवर फोन आला, की पाय बरा होईपर्यंत नोकरी थांबेल, काळजी करू नका. बाबांनी जेवताना तो निरोप सांगितला.

“मग पाय बरा झाला की निघू,” ते म्हणाले.

“त्यांना नाही म्हणून सांगा,” आई म्हणाली.

“पायामुळे म्हणतेस का? तो होईल बरा.”

“पायामुळे नाही हो. मला इथेच राहून बघायचंय.”

बाबांनी घास खाली ठेवला. “इतकी वर्षं तूच म्हणत होतीस ना, जाऊ म्हणून?”

“म्हणत होते,” आई म्हणाली. “तेव्हा मला वाटायचं, इथे माझा आवाज कुठंच पोचत नाही.” आणि तिने त्यांच्या पानात आणखी भात वाढला. मी उठून माझ्या खोलीत गेले, पुस्तकांचं खोकं उघडलं आणि पुस्तकं परत फळीवर लावली.

मी आज तिच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे आहे. माणसाला एखाद्या गावात राहावंसं का वाटतं, याची मोठमोठी कारणं मी ऐकली आहेत. आईचं कारण मला त्यांतलं सगळ्यांत खरं वाटतं.

पुढच्या वसंतात मिचिकोकाकू एक काम घेऊन आली. वरच्या पहिल्या टीवर फार गोंधळ व्हायचा. लिफ्टमधून माणसं उतरायची, वारा सुटलेला असायचा, कोणाची पाळी आली हे कोणाला ऐकू जायचं नाही. तिथे लाकडाची एक छोटी टपरी होती. तिच्यापाशी उभं राहून खेळाडूंची नावं पुकारायची आणि त्यांना सोडायचं, एवढं काम. अँगसचा आवाज पहिल्या खांबाच्या पलीकडे जात नव्हता.

“मला इंग्लिश नीट येत नाही, मिचिको,” आई म्हणाली.

“नावंच तर घ्यायची,” काकू म्हणाली. “नाव काही इंग्लिश नसतं.”

पहिल्या दिवशी आई निळी साडी, वर बाबांचा कोट आणि डोक्याला लोकरीची टोपी घालून लिफ्टच्या खुर्चीत बसली. लिफ्टमध्ये बसायचीसुद्धा तिची पहिलीच वेळ. तिने दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता, आणि खुर्ची आमच्या घरावरून गेली तेव्हा तिने खाली बघून मला हात केला, मग पुन्हा पटकन दांडा धरला. बाबा दारात खुर्ची टाकून बसले. त्यांचा पाय आता बरा होता, पण त्या सकाळी त्यांना लिफ्टच्या कामातलं काही सुचत नव्हतं. वरून पहिली हाक आली तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. दिवसभर आईचा आवाज उतारावरून खाली येत राहिला. स्कॉटिश आडनावं तिच्या नागपुरी तोंडातून अशी काही यायची, की मकलाउड म्हणजे आमचे कोणी लांबचे काकाच असावेत.

संध्याकाळी ती परत आली. गाल वाऱ्याने लाल झालेले, घसा बसलेला. तिने मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्या आणि विचारलं, “ऐकू येत होतं का इथपर्यंत?”

“एकूण एक,” बाबा म्हणाले. “एक नाव तेवढं तू चुकवलंस.”

“कोणतं?”

“त्या दुपारच्या बाई. लिहितात मेन्झीज, पण इकडे म्हणतात मिंगिस.”

“मिंगिस?” आईने कपाळाला हात लावला. “असं कसं म्हणतात? आणि त्या बिचाऱ्या काही बोलल्याही नाहीत!” ती उठून दारात गेली. बाहेर लांबलेला उजेड होता, गवत ओलसर होतं, आणि हॉटेलचे पाहुणे जेवणाआधी पाय मोकळे करत हिंडत होते. आईने बसलेल्या घशाने, पण छाती भरून, उद्याची तयारी केली.

“मिंगिऽऽस!”

ओढ्यापलीकडून, झाडांमागून, एका बाईचा आवाज आला, “येस? इज इट माय टर्न?”

आई दाराआड झाली, पदर तोंडात कोंबून हसत सुटली. मग तिने पदर सोडला, पुन्हा बाहेर आली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, “टुमॉरो, मिसेस मिंगिस! टुमॉरो!”